गेटच्या आतला खर्च

आमच्या प्रत्येक प्रपोजलच्या बजेटमध्ये एक ओळ असते आणि तिथे आल्यावर समोरच्या माणसाचं पेन थांबतं. ‘सांकेतिक भाषेच्या इंटरप्रिटरचं मानधन, नोकरी लागल्यानंतर सहा महिने.’ त्याच्या वरचं सगळं मान्य झालेलं असतं. संगणक, प्रशिक्षकाचा पगार, मुलांचे बसपास, अगदी चहाचा खर्चसुद्धा. या ओळीवर मात्र प्रश्न येतोच, “मॅडम, नोकरी लागली ना? मग आता इंटरप्रिटर कशाला?”

संस्था आमची छोटी. भुकूमला, पौड रस्त्यापासून थोडं आत, एका घराच्या तळमजल्यावर चालते. कर्णबधिर मुलामुलींना कामाचं प्रशिक्षण द्यायचं आणि नोकरीला लावायचं, एवढंच काम. जागा भुकूमला आहे कारण एका पालकांनी ती नाममात्र भाड्याने दिली. पण ती सोयीची निघाली. घाट ओलांडला की पिरंगुट, उरवडे, कासार आंबोलीचे कारखाने. अलीकडे भूगावपर्यंत लॉन्स, मंगल कार्यालयं आणि हॉटेलं. जिथे पूर्वी भातखाचरं होती तिथे आता पॅकिंग, हाउसकीपिंग आणि किचनमधली कामं आहेत.

मी पिरंगुटच्या एका कारखान्यात अकाउंट्सला होते. निवृत्त झाल्यावर ‘ताई, तुम्हाला हिशेब येतो, इंग्रजी येतं, तुम्हीच अर्ज लिहा,’ म्हणून मला इथे धरून आणलं. सांकेतिक भाषा इथेच शिकले, तीही मोडकी. मुलं माझ्या साइनना हसतात. हसू देत.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, काम चांगलं असलं की अनुदान मिळतं. त्याआधी कागद लागतात. न्यासाची नोंदणी, आयकराचं १२-ए आणि ८०-जी, दर्पण पोर्टलचा क्रमांक, तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट. कंपन्यांचा सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, पैसा घ्यायचा तर १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्म भरून मिळणारा क्रमांकही लागतो. दिव्यांगांसाठी संस्था चालवायची म्हणून २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याखालची नोंदणी वेगळी. एक विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट, त्यासाठी ठराव, ठरावासाठी सभा. आमच्याकडचे तरुण याला वैतागतात. मी नाही वैतागत. उभा जन्म व्हाउचरं जुळवण्यात गेला. दुसऱ्याचा पैसा घ्यायचा तर त्याला हिशेब मागायचा हक्क आहे, असंच मला वाटतं.

सरकारी वाटही आहे. केंद्राची दीनदयाळ दिव्यांग पुनर्वसन योजना आहे, २०१५मध्ये दिव्यांगांच्या कौशल्य विकासाची राष्ट्रीय कृती योजना आली, आपल्या राज्यात २०२२च्या डिसेंबरात दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग झाला आणि दिव्यांग कल्याण आयुक्तालय तर पुण्यातच आहे. ग्रामपंचायतीलाही स्वतःच्या उत्पन्नातला पाच टक्के हिस्सा दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. पण हप्त्याहप्त्याने येणाऱ्या पैशावर मोठा कार्यक्रम चालवायचा तर मधले महिने स्वतःच्या गंगाजळीतून काढावे लागतात. आमच्याकडे गंगाजळी नाही. म्हणून आम्ही मुख्यतः कंपन्यांचीच दारं वाजवतो.

त्यांचंही गणित समजून घ्यावं लागतं. २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ सांगतं की नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक जरी आकडा गाठला तरी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायचे. कोणत्या कामावर, ते सातव्या परिशिष्टात दिलंय. दिव्यांगांना रोजगारक्षम करणारं व्यवसाय शिक्षण त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे, म्हणजे आम्ही पात्र. पण कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं. जानेवारी उजाडला की फोन सुरू होतात, “मार्चअखेर खर्च दाखवता येईल असं काही आहे का?” मार्चअखेर दाखवता येतात त्या वस्तू. मध्यंतरी आमच्याकडे संगणक जास्त आणि ते शिकवणारे कमी, अशी अवस्था होती. माणसाचा पगार मार्चमध्ये एकदम खर्च करता येत नाही, तो बारा महिने थोडा थोडा जातो.

आणखी एक वाक्य प्रपोजलमध्ये फार चालतं: ‘ऐकू येत नसल्याने ही मुलं अधिक एकाग्रतेने काम करतात.’ अधिकाऱ्यांना ते आवडतं, काही संस्था ठोकून देतात. मी लिहीत नाही. आमच्यातली काही मुलं मन लावून काम करतात, काही दर पाच मिनिटांनी मोबाइल काढतात. कोणत्याही वर्गात असतं तसंच. एकाग्रतेचं आश्वासन देऊन मुलाला आत पाठवलं आणि तो इतरांसारखाच निघाला, तर ठपका सगळ्या कर्णबधिरांवर येतो.

आता इंटरप्रिटरच्या त्या ओळीकडे येते. मुळशी खोऱ्यातल्या एका गावचा मुलगा आमच्याकडे शिकला आणि एका कारखान्यात पॅकिंगला लागला. हात चपळ, हजेरी चोख. पैसे देणाऱ्या कंपनीच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे ‘प्लेस्ड’ लागलं. पुढे एका शनिवारी सुपरवायझरने लाइनवर उभं राहून ओरडून सांगितलं की सोमवारपासून शिफ्ट बदलली. सगळ्यांनी ऐकलं. हा सोमवारी जुन्या वेळेला हजर. गेटवरून परत पाठवला, दिवसाची गैरहजेरी लागली. तो का परत पाठवला हे त्याला कोणी सांगितलं नाही. म्हणजे सांगितलं, तोंडाने. दुसऱ्या आठवड्यात पगार कापून आला. त्याला वाटलं आपल्याला काढलं. त्यानंतर तो गेलाच नाही.

त्याच्या वडिलांचा मला फोन आला. “ताई, पोरगं घरात बसलंय, कुणाशी काही बोलंना. कंपनीत इचारलं तर म्हंत्यात, आम्ही त्याला सांगितलं हुतं.”

सुपरवायझर वाईट नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की त्याने सांगितलं. नंतर कुणी सुचवलं की व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवत जा. तोही उपाय अर्धाच. ज्या मुलाशी घरात लहानपणापासून कुणी त्याच्या भाषेत बोललेलं नसतं, त्याला शाळेत जेमतेम अक्षरओळख झालेली असते. लांबलचक सूचनेतली तारीख त्याला कळते, बाकीचं तो अंदाजाने घेतो. इंटरप्रिटर घेऊन आम्ही कंपनीत गेलो, समोरासमोर बसून गैरसमज काढला, तो परत कामावर लागला. खर्च झाला तो त्या इंटरप्रिटरच्या दिवसाचा, आणि तो कोणत्याही मंजूर शीर्षात बसत नव्हता.

नियमांची गंमत इथे आहे. सीएसआरचा पैसा कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्यासाठी वापरता येत नाही. नियम रास्त आहे, नाहीतर कॅन्टीनचं रंगकामही समाजसेवेत दाखवलं गेलं असतं. पण त्याचा परिणाम असा की जी कंपनी आमच्या मुलांना शिकवायला पैसे देते, तिनेच त्यांना नोकरीवर घेतलं की त्यांच्यासाठीचा इंटरप्रिटर सीएसआरमध्ये धरता येत नाही. दुसरी कंपनी म्हणते, त्यांच्या कामगारांसाठी आम्ही का द्यायचं? म्हणजे पैसा गेटपर्यंत येतो. गेटच्या आत तो कुणाचा, हे ठरलेलं नाही.

कायदा काय म्हणतो? दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० सरकारी आस्थापनांना वाजवी सोयी पुरवायला बांधून घालतं. सरकारी नोकऱ्यांत चार टक्के आरक्षण आहे, त्यातला एक टक्का कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांचा. खासगी कंपन्यांसाठी कलम ३५मध्ये पाच टक्क्यांचं उद्दिष्ट आहे, तेही प्रोत्साहन देऊन गाठायचं. कलम २१प्रमाणे प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करावं लागतं आणि वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्यात दिव्यांगांना कोणत्या सोयी देणार हेही लिहावं लागतं. मी एचआरच्या माणसांना हे धोरण दाखवा म्हणते. अनेकांकडे ते असतं, छापील, सुबक. त्यात रॅम्प असतो. इंटरप्रिटर नसतो.

ब्रिटनमध्ये याची सोय केलेली आहे. १९९४पासून तिथे ‘ॲक्सेस टू वर्क’ नावाची सरकारी योजना आहे. कर्णबधिर माणूस नोकरीला लागला की कामावरच्या इंटरप्रिटरचा खर्च त्या योजनेतून मिळू शकतो, वर्षाला ठराविक मर्यादेपर्यंत. पैसा संस्थेच्या किंवा कंपनीच्या नावाने नाही, त्या माणसाच्या कामासाठी मंजूर होतो. आपल्याकडे २०११च्या जनगणनेत श्रवणदोष असलेली माणसं पन्नास लाखांवर मोजली गेली. त्यांच्यासाठी असं काही एका रात्रीत उभं राहणार नाही, हे मला कळतं. पण निदान प्रपोजलच्या नमुन्यात एक रकाना तर उभा राहू शकतो.

इंटरप्रिटर आत जाऊन करतो तरी काय, हे लोकांना ठाऊक नसतं, म्हणून लिहिते. पहिल्या दिवशी पीएफ आणि ईएसआयचे फॉर्म समजावणं. रजा कशी मागायची, ओव्हरटाइम कसा मोजतात, पगाराच्या स्लिपवरची कपात कशाची. मशिनजवळच्या सुरक्षेच्या सूचना. मग उलट दिशेचं काम: लाइनवरच्या बाकीच्यांना रोज लागणाऱ्या थोड्या साइन शिकवणं. पॅकिंगच्या बायका हे दोन दिवसांत शिकतात, साहेब लोकांना वेळ लागतो. पहिला आठवडा रोज, मग आठवड्यातून एकदा, नंतर व्हिडिओ कॉलवर. सहा महिन्यांनी गरज फारच कमी उरते. हा काही जन्मभराचा खर्च नाही.

‘आग लागली तर याला भोंगा कसा ऐकू येणार?’ हा प्रश्न ७ जून २०२१नंतर जास्त येऊ लागला. त्या दिवशी उरवड्याच्या एका कारखान्यात आग लागून पंधराहून जास्त कामगार गेले, बहुतेक बायका. आपल्याच रस्त्यावरची माणसं. त्यामुळे हा प्रश्न मी कधी उडवून लावत नाही. भोंग्याला जोडून लुकलुकणारा दिवा बसवता येतो, प्रत्येक कर्णबधिर कामगाराला जोडीदार नेमून देता येतो, बाहेर पडायची वाट मोकळी ठेवता येते. यातली शेवटची गोष्ट ऐकू येणाऱ्यांनाही तितकीच लागते.

आमचा मुख्य प्रशिक्षक स्वतः कर्णबधिर आहे. एकदा पाहणीला आलेले अधिकारी त्याच्याबद्दलचे सगळे प्रश्न मला विचारत होते: यांचं शिक्षण किती, यांना पगार पुरतो का. त्याने इंटरप्रिटरला खूण करून सांगायला लावलं, “पगार माझा आहे, मला विचारा.” ते खजील झाले, मग हसले, आणि पुढचा तासभर त्याच्याशीच बोलले. निधी मंजूर झाला. त्या वर्षी ‘नोकरीनंतरचा पाठपुरावा’ या नावाखाली इंटरप्रिटरची ओळही पहिल्यांदा शाबूत राहिली, फक्त सहाऐवजी तीन महिन्यांची.

अलीकडे एका कारखान्याच्या एचआरने आणखी सोपी वाट काढली. त्यांनी सीएसआरचा नादच सोडला आणि इंटरप्रिटरचे दिवस कंपनीच्या नेहमीच्या ट्रेनिंग बजेटमध्ये टाकले. नव्या मशिनवर माणूस तयार करायला खर्च येतोच, त्याच शीर्षात. कुणाची खास परवानगी लागली नाही, ऑडिटरने काही विचारलं नाही. मला विचाराल तर हीच वाट बरोबर आहे.

तेव्हा मुळशीत कुणाचा कारखाना, हॉटेल, मंगल कार्यालय असेल, किंवा तुम्ही कुठल्या कंपनीत एचआरला असाल, तर येत्या एप्रिलच्या ट्रेनिंग बजेटमध्ये इंटरप्रिटरचे काही दिवस धरा. आणि सीएसआर समितीवर असाल तर ‘किती जणांना नोकरी लागली’ या रकान्याशेजारी ‘वर्षाने किती जण टिकले’ असा एक रकाना घाला, आणि टिकवायला लागणारा खर्चही मंजूर करा.