ठोंबामागची शेपूट

पत्र्याचं काम करणाऱ्या कारागिराला मी कागदावरचं चित्र दाखवलं, तेव्हा त्यानं ते उलटं धरून विचारलं, "पाभरीचं चाडं आहे का, ताई?" अगदीच चुकला नव्हता. चिंचोळं तोंड, आत रुंद पोट, वर बारीक जाळी आणि मागे उभा पंख. पंखामुळे डबा आपोआप वाऱ्याकडे तोंड करतो. धुळीसकट आत शिरलेला वारा पोटात पसरतो, मंदावतो, धूळ टाकतो आणि जाळीतून निघून जातो. अमेरिकेत टेक्सासमधल्या बिग स्प्रिंग गावी फ्रायरिअर नावाच्या संशोधकानं 1980 च्या दशकात हा डबा बनवला. माझा संगमनेरच्या बाजारात बनला. एका खांबावर असे चार. सगळ्यात खालचा जमिनीपासून वीतभरही नाही.

साकूरकडच्या पठारावर हे खांब रोवले, तेव्हा मला पहिल्यांदा हसू आलं ते माझंच. इथं मातीचा मोठा चोर पाणी, याबद्दल माझा वाद नाही. समतल चर, बांध, नाल्यांवरचे बंधारे, सगळा बंदोबस्त त्याच्यासाठी. पश्चिमेला अकोले तालुक्यातल्या घाटघर-रतनवाडीला पाऊस हजारो मिलिमीटरांत मोजतात, आणि आमच्याकडे वर्षाचा पाचशेच्या आसपास रेंगाळतो. पण पावसाआधीचे तीन महिने माळ वाऱ्याच्या ताब्यात असतो. कुसळी, पवन्या, मारवेल हे गवत खाऊन संपलेलं, माती कोरडी. आणि वारा निवडून नेतो: बारीक माती, कुजलेला पाला हे आधी, मुरूम जागच्या जागी.

कण कसे जातात हे बॅग्नॉल्ड या ब्रिटिश लष्करी इंजिनिअरानं लिबियन वाळवंटात आणि वाऱ्याच्या बोगद्यात पाहून 1941 मध्ये लिहिलं. फार बारीक ते हवेत तरंगत लांब जातात, जाडे ते जमिनीवरून सरकतात, मधले उड्या मारतात आणि पडताना दुसऱ्यांना उडवतात. खरं काम या उड्या मारणाऱ्यांचं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की वाहणारी वाळू साधारण आठपट. म्हणून सरासरी वेग मला निरुपयोगी. महिनाभराची माती दोन-तीन दुपारच्या वादळांतच उडून जाते, आणि तेव्हा तिथं असावं लागतं. नाकातोंडात फुफाटा घेऊन.

गवत किती टक्के, हा प्रश्न मी सुरुवातीला फार विचारायची. आता टेप पसरते. पन्नास मीटरचा टेप वाऱ्याच्या दिशेनं जमिनीलगत ताणायचा, गुडघ्यावर रांगत जायचं आणि सोबतच्या पोराला सांगायचं: ठोंब, मोकळं, ठोंब, मोकळं, कुठून कुठपर्यंत. ठोंबाच्या आडोशात वारा दबतो आणि त्याच्या उंचीच्या साधारण दहापट अंतरावर पुन्हा जोर धरतो. वीतभर ठोंबाला जेमतेम दोन मीटर. त्यामुळे गवत तेवढंच असलं, तरी ते माळभर विखुरलंय की कडेला गोळा होऊन मध्ये पाच मीटरचं टक्कल पडलंय, यावर माती राहायची की जायची ते ठरतं.

न्यू मेक्सिकोत हॉर्नाडाच्या गवताळ प्रदेशात 2004 पासून मुद्दाम गवत काढून पाहिलं: कुठे पाव, कुठे निम्मं, कुठे सगळं. जास्त उघडं केलेल्या जागी तीन वाऱ्याच्या हंगामांत वरच्या पाच सेंटिमीटर मातीतला सेंद्रिय कर्ब आणि नत्र पाव हिश्शापर्यंत उडून गेला. मला इथं गवत काढायची गरजच नव्हती. ते काढायला मेंढरं होती.

एकदा एका खांबाचे डबे नको इतके भरले. मी आनंदानं वजन करत बसले. मागून एक म्हातारे धनगरबाबा आले.

"हे काय रोवलंय, ताई?"

"वाऱ्यानं किती माती जाते ते बघतेय, बाबा."

"मंग ही वाऱ्याची न्हाय. सकाळी आमचीच मेंढरं गेली इथनं."

तो नमुना टाकून दिला. पण त्यानंतर खुरांच्या वाटेवर मी नेहमी बोट फिरवते. पावसानं बसलेला वरचा पापुद्रा तिथं फुटलेला असतो, खाली सुटं पीठ. मेंढराला दोष देणं सोपं आहे. चराईला जागा कमी उरली, की कळपाला तीच ती वाट तुडवावी लागते.

संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत 1990 च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात चराईबंदी, कुऱ्हाडबंदी झाली. बंदी पाळणाऱ्यांना तेव्हा शेळ्यामेंढ्यांचं काय करायचं ही चिंता होती, आणि ती खोटी नव्हती. असा राखलेला माळ आणि उघडा माळ, दोन्हीकडे मी टेप पसरलाय. राखलेल्या माळावर पोराला लिहायला वेळ पुरत नाही, इतक्या भराभर ठोंब येतात.

जूनच्या तोंडावर, पावसाआधी डबे उतरवायचे. एकदा भिजले की वजन गेलं. त्या दिवशी मी उघड्या माळावरच्या उरल्यासुरल्या ठोंबांमागे बघते. प्रत्येकामागे पूर्वेकडे बारीक मातीची बोटभर शेपूट साचलेली असते. गेल्या वर्षी त्यातली एक ओंजळीत घेतली. चहाच्या भुकटीसारखी मऊ, आणि आत कुसळीचं एक बी, पीळ घातलेल्या शेपटीसकट, अर्धं रुतलेलं. वजन न करता जिथल्या तिथं ठेवली.