वाचले खरे, पण कळले काय?

मुलाने अक्षरे जुळवून ओळ म्हटली की त्याला वाचता आले, या समजुतीने मी कित्येक वर्षे मुलांच्या नावापुढे शेरे लिहिले. आज वडशास निवृत्तीचे दिवस काढीत असता त्यांतील दोन शेरे मनातून जात नाहीत.

तेव्हा मी कोरचीच्या बाजूस एका लहान शाळेत होतो. दुसरीच्या वर्गात झाडीबोली, गोंडी व छत्तीसगढी बोलणारी मुले मांडीला मांडी लावून बसत. एके दिवशी झाडीबोली बोलणाऱ्या एका मुलाने ‘डोळा’ हा शब्द ‘डोरा’ असा वाचला. मी खडसावले, पुन्हा ‘डोरा’च! त्या बोलीत ळ, ण, श हे वर्ण नाहीत, ळच्या जागी र येतो, हे मला ठाऊक होते. तरीही मी ‘वाचन कच्चे’ असे लिहिले. शेजारच्या गोंड मुलीने मात्र सबंध पाठ घडाघडा म्हटला. काना-मात्रा चुकली नाही. तिच्या नावापुढे ‘वाचन उत्तम’ असा शेरा पडला.

पुढे एकदा मी तिला सहज विचारले, “पाठातली मुलगी विहिरीवर काय आणावयास गेली होती ग?” ती गप्प. तिने पाठ पुन्हा वाचला, ‘पाणी’ हा शब्द स्पष्ट उच्चारला, आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. तोच मागचा एक मुलगा म्हणाला, “गुरुजी, तिच्या घरी पान्याले येर म्हनतेत.” ‘येर’ हा शब्द कानी पडताच तिचा चेहरा उजळला. त्याच क्षणी मला आठवले, की ‘डोरा’ म्हणताना त्या मुलाने आपल्या डोळ्यावर बोट ठेवले होते. ज्याला कळले होते त्याला मी कच्चा ठरविले, आणि जिला कळले नव्हते तिला उत्तम!

अर्थ न जाणता वेद पठण करणाऱ्यास यास्काचार्यांनी निरुक्तात भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. ती मी वर्गात कौतुकाने सांगत असे. आणि त्या मुलीचा खांब मीच केला होता. लहानपणी आम्हीही अमरकोश अर्थावाचून घोकला. पण रात्री आजी ज्या भाषेत गोष्ट सांगे, तीच भाषा शाळेच्या पुस्तकात असे. आपल्या घरातील मुले लवकर वाचू लागतात, त्याचे श्रेय आपण त्यांच्या बुद्धीस देतो. त्यातील निम्मे त्या आजीचे आहे.

‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत देशातील ग्रामीण सरकारी शाळांमधील तिसरीच्या शेकडा २३.४ मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता आला. ही पाहणीही मोठ्याने वाचून घेऊनच होते; तेव्हा समजून वाचणारी किती, हा प्रश्न उरतोच. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. आमच्याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. जे मला वर्गात बसून उमगले नाही, ते त्या गावकऱ्यांस उमगले.

प्रमाण मराठी मुलांस आली पाहिजे, याविषयी माझे दुमत नाही. परंतु तुमच्या दारी कामास येणाऱ्या बाईंचे मूल कधी पुस्तक घेऊन बसले, तर ‘चुकले’ म्हणण्यापूर्वी ‘काय कळले?’ असे विचारावे. ते आपल्या बोलीत उत्तर देईल. ते आधी ऐकून घ्यावे. ळ काय, आज ना उद्या जमेल.