पगाराला दुसरं नाव

२० फेब्रुवारी २०१९ च्या रात्री ड्यूक विद्यापीठाच्या कॅमेरून इनडोअर स्टेडियममध्ये बास्केटबॉलचा सामना सुरू होऊन जेमतेम अर्धं मिनिट झालं होतं. समोर नॉर्थ कॅरोलायनाचा संघ होता, प्रेक्षकांत बराक ओबामा बसले होते. अठरा वर्षांचा झायन विल्यमसन चेंडू घेऊन वळायला गेला, त्याने डावा पाय जमिनीत रोवला आणि बुटाचा तळ उसवून बाजूला झाला. पाऊल बुटाबाहेर आलं, गुडघा मुरगळला, आणि त्या रात्रीपुरता त्याचा खेळ संपला. बूट नायकीचा होता. दुसऱ्या दिवशी शेअर बाजारात नायकीचा भाव सुमारे एक टक्क्याने उतरला. या मुलाच्या पावलावर किती पैसा उभा आहे ते तेव्हा सगळ्यांना दिसलं. नायकीचा करार ड्यूकशी होता, तिकिटांचे पैसे ड्यूकचे होते, प्रक्षेपणाचे पैसे वाहिन्यांचे आणि संघटनांचे. बूट घालणाऱ्याने मात्र त्या बुटासाठी एक डॉलर जरी घेतला असता, तरी अमेरिकी कॉलेज क्रीडेची नियामक संस्था एनसीएए हिने त्याला अपात्र ठरवलं असतं. त्याला थेट एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये जायची वाटही बंद होती, कारण २००६ च्या निवडीपासून तिने १९ वर्षांची अट घातली होती. म्हणजे एका दारावर वयाचं कुलूप आणि दुसऱ्या दारातून आत जायचं तर खिसा रिकामा ठेवायचा.

कॉलेजच्या बास्केटबॉलपटूंना पैसे द्यावेत की नाही, हा वाद निघाला की लगेच घोटाळ्यांचा दाखला दिला जातो. खेळात पैसा शिरला म्हणूनच ही घाण झाली, मग आणखी पैसा कशाला, असा तो युक्तिवाद असतो. त्या घोटाळ्यांतला सर्वांत गाजलेला नीट पाहिला, तर मला नेमकं उलटं दिसतं. सप्टेंबर २०१७ मध्ये एफबीआयच्या तपासातून दहा जण आरोपी झाले. त्यांत मोठ्या विद्यापीठांचे चार सहायक प्रशिक्षक होते, आदिदासचा एक अधिकारी होता, दलाल होते. एक आरोप असा होता की, आदिदासच्या माणसांनी एका होतकरू खेळाडूने लुईव्हिल विद्यापीठात यावं म्हणून त्याच्या कुटुंबाला एक लाख डॉलर द्यायचं ठरवलं. त्याच उन्हाळ्यात लुईव्हिल आणि आदिदास यांच्यात दहा वर्षांचा १६ कोटी डॉलरचा करार जाहीर झाला होता. १६ कोटींचा करार पत्रकार परिषदेत सांगण्यासारखा होता, एक लाखाचा मात्र गुन्हा ठरला. खटल्यात सरकारी पक्षाने विद्यापीठांना फसवणुकीचे बळी म्हणून उभं केलं: खेळाडू अपात्र आहे हे लपवून त्यांच्याकडून शिष्यवृत्ती काढली गेली, असा तो मुद्दा होता. ज्युरीने तो मानला आणि तिघांना कैदेची शिक्षा झाली. तो मुलगा कॉलेजसाठी एकही सामना खेळू शकला नाही. शेवटी ऑस्ट्रेलियात जाऊन व्यावसायिक संघात खेळला. पैसे घेतले म्हणून तो अपात्र आणि तो अपात्र म्हणून विद्यापीठाची फसवणूक, अशी ही साखळी आहे. तिची पहिली कडी, म्हणजे पैसे घ्यायची मनाई, काढली की पुढे गुन्हा उरतच नाही.

त्याच प्रकरणाची दुसरी बाजू मात्र वेगळी आहे, आणि ती झाकून चालणार नाही. सहायक प्रशिक्षकांवरचा आरोप असा होता की, आपल्याच खेळाडूंना ठरावीक एजंट आणि आर्थिक सल्लागारांकडे वळवण्यासाठी त्यांनी पैसे घेतले. चौघांनीही पुढे गुन्हा कबूल केला. ही खरी लाच आहे. मुलाने आणि त्याच्या आईवडिलांनी ज्याच्यावर भरवसा टाकला, त्याने तो भरवसा बाजारात विकला. खेळाडूंना उद्या भरघोस पगार दिला तरी असे लोक संपणार नाहीत. पण बातम्यांत ही दोन्ही प्रकरणं एकाच मथळ्याखाली छापली गेली आणि वाचणाऱ्याच्या मनात दोन्हींना एकच वास चिकटला. स्वतःच्या कौशल्याचा मोबदला घेणं आणि दुसऱ्याच्या विश्वासाचे पैसे करणं यांतला फरक ज्या नियमाला कळत नाही, तो नियम खेळाचं पावित्र्य राखतो हे मला पटत नाही. शिवाय चोरवाटेने आलेला पैसा मुलाला कायमचा मिंधा करतो. उघड करार असता तर आईबापांना वकिलाचा सल्ला घेता आला असता. चोरून घेतलेल्या पैशाबद्दल ते कोणाला काय विचारणार?

पैसे घ्यायच्या या मनाईचं मूळ एका शब्दात आहे. एनसीएएचे प्रमुख वॉल्टर बायर्स १९५१ पासून १९८८ पर्यंत त्या खुर्चीत होते. ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द कसा घडवला गेला, हे त्यांनी स्वतःच १९९५ साली पुस्तकात लिहिलं. १९५५ मध्ये कोलोरॅडोत एक कॉलेज फुटबॉलपटू डोक्याला मार लागून मरण पावला आणि त्याच्या विधवेने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. असे दावे फोफावतील या धास्तीने खेळाडू ‘नोकर’ नाही हे ठसवणारा शब्द नियमांत आणि पत्रव्यवहारात पेरण्यात आला. १९५७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या बाईंचा दावा फेटाळला. कॉलेज काही फुटबॉलच्या धंद्यात नाही, असं तिथे ठरलं. आपल्याकडे हा प्रकार ओळखीचा आहे. अंगणवाडी सेविकेला वर्षानुवर्षं ‘मानधन’ मिळतं, कारण ‘वेतन’ म्हटलं की त्यामागोमाग ग्रॅच्युइटी, रजा, पेन्शन असे सगळे हक्क दाराशी येतात. ग्रॅच्युइटीपुरता तो प्रश्न सुटायला २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. काम तेच राहतं, घाम तोच राहतो, मोबदल्याचं नाव बदललं की हक्क नाहीसे होतात. बायर्स यांनी उतारवयात आपणच उभारलेल्या व्यवस्थेची तुलना गुलाम राबवणाऱ्या मळेवाल्यांच्या वृत्तीशी केली. ती व्यवस्था आतून जाणणारा त्यांच्याइतका दुसरा कोणी नव्हता, म्हणून मी त्यांच्या साक्षीला वजन देतो.

शिष्यवृत्ती हाच पगार, हा सर्वांत जुना आक्षेप, आणि तो पोकळ नाही. अमेरिकेतलं चार वर्षांचं शिक्षण किती महाग आहे, हे मुलांना तिकडे पाठवणाऱ्या मराठी घरांना वेगळं सांगायला नको. पण मोबदला म्हणून जे देतो म्हणता, ते खरोखर दिलं जातं का? नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १८ वर्षं असे अभ्यासक्रम चालले की, जिथे वर्ग भरत नव्हते, एक निबंध द्यायचा आणि विभागाच्या कार्यालयातली कर्मचारी त्याला चांगले गुण देऊन टाकायची. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार ३,१०० विद्यार्थी त्यातून गेले, त्यांत जवळजवळ निम्मे खेळाडू. हे अभ्यासक्रम सगळ्याच विद्यार्थ्यांना खुले होते, या कारणावरून एनसीएएने २०१७ मध्ये विद्यापीठाला शिक्षा केली नाही. बूट कंपनीचे पैसे घेणारा मुलगा अपात्र आणि खेळाडूंचं शिक्षण चोरणारी संस्था निर्दोष, हे एकाच महिन्याच्या आगेमागे घडलं. आता जेवणाचं पाहू. एके काळी नियम असा होता की कॉलेजने खेळाडूला मधल्या वेळी फळं, सुकामेवा किंवा बेगल, म्हणजे मधे भोक असलेला गोल पाव, द्यायला हरकत नाही. पण त्या पावाला क्रीम चीज लावून दिलं तर नियमभंग. हे २०१३ पर्यंत चाललं. पुढच्या वर्षी कनेटिकटच्या शबाझ नेपियरने आपल्या संघाला अजिंक्यपद मिळवून दिलं, त्याच सुमारास त्याने पत्रकारांना सांगितलं की काही रात्री आपण उपाशी झोपतो. एप्रिलच्या मध्याला एनसीएएने खेळाडूंच्या जेवणावरच्या मर्यादा उठवल्या. त्या वेळी मार्चमधल्या राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रक्षेपणाचा करार १४ वर्षांसाठी १,०८० कोटी डॉलरचा होता.

बहुतेक कॉलेजांची क्रीडाखाती तोट्यात असतात, मग पगार कुठून देणार, असंही विचारतात. तोटा झाला म्हणून कारखानदार कामगाराला फुकट राबवू शकत नाही. आणि अनेक राज्यांत सरकारी तिजोरीतून सर्वाधिक पगार घेणारा माणूस गव्हर्नर नसून फुटबॉलचा किंवा बास्केटबॉलचा प्रशिक्षक असतो, तेव्हा तोटा होतो कुठे हे शोधायला लांब जावं लागत नाही. पैसे मिळाले तर हौशीपणाची गोडी जाईल, प्रेक्षक पाठ फिरवतील, ही भीती तर अनुभवानेच मोडीत काढली. खेळाडूंना आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर कमावण्याची मुभा मिळून तीन हंगाम होत आले, तेव्हा, २०२४ मध्ये, कॉलेज बास्केटबॉलमधला महिलांचा अंतिम सामना सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. पुरुषांचा पाहणारे १ कोटी ४८ लाखांच्या आसपास होते. आयोवाच्या केटलिन क्लार्कला जाहिरातींतून भरपूर पैसे मिळत होते आणि घराघरांतल्या मुली तिच्या नावाचे शर्ट घालून टीव्हीसमोर बसत होत्या.

ज्या आक्षेपापाशी मी खरोखर अडखळतो, तो वाटपाचा. जून २०२५ मध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीनुसार माजी खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर भरपाई द्यायचं ठरलं आणि कॉलेजांना पहिल्या वर्षी साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंना थेट देण्याची मुभा मिळाली. भरपाईतला जवळजवळ नव्वद टक्के हिस्सा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जातो, म्हणून काही महिला खेळाडूंनी त्याविरुद्ध अपील केलं. शिक्षणात लिंगभेद नको असं सांगणारा १९७२ चा कायदा या पैशाला लागू होतो का, हा प्रश्न त्यांनी विचारला आणि तो रास्त आहे. जलतरण, कुस्ती, टेनिसचे संघ बंद पडण्याची धास्तीही खोटी नाही. पण हा वाद पैसे कसे वाटायचे याचा आहे, द्यायचे की नाही याचा नाही. आणि वाटपाची वाटाघाटी करायला दोन्ही बाजूंनी माणसं बसावी लागतात. वर्षाची कमाल मर्यादा ठरवताना खेळाडूंची युनियन टेबलाशी नव्हती, कारण त्यांना युनियन करता येईल असं नातंच मान्य केलेलं नाही. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य असा निकाल एनसीएएविरुद्ध दिला, पैसे आले, पण ते नावाच्या वापराचं शुल्क म्हणून आले. पगार हा शब्द अजून टाळलाच जातो.

डार्टमथ कॉलेजमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती नसते. तिथल्या पुरुषांच्या बास्केटबॉल संघाने ५ मार्च २०२४ रोजी युनियनसाठी मतदान केलं: १३ विरुद्ध २. खेळाडू हे कर्मचारी आहेत, असं केंद्रीय कामगार मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्याने त्याआधी ठरवलं होतं, पण कॉलेजने बोलणी करायला नकार दिला. वॉशिंग्टनमधल्या या मंडळाचे सदस्य बदलणार हे दिसताच वर्षाच्या शेवटच्या दिवशी युनियनने अर्ज मागे घेतला. या मागणीत पुढे असलेला एक खेळाडू कॉलेजच्या भोजनगृहातही काम करायचा. तिथल्या विद्यार्थी-कामगारांची युनियन २०२२ पासून होती आणि कॉलेजने तिच्याशी करारही केला होता. भोजनगृहातल्या पाळीला तो कामगार होता. त्याच कॉलेजची जर्सी घालून सरावाला उतरला की नव्हता.