स्वतःच्या गाण्यांची कॅसेट

मनोरीहून धोबी तलावला जायचं म्हणजे आधी होडीने खाडी ओलांडून मार्वे, तिथून बसने मालाड आणि मग लोकल. १९८०च्या दशकाच्या अखेरीस मनोरीतला एक कॉलेजकुमार हा सगळा द्राविडी प्राणायाम तिथल्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहासाठी करायचा. कार्यक्रम लांबून शेवटची होडी चुकली, की भाईंदरला उतरून उत्तन-गोराईच्या रस्त्याने वळसा. तरी तो जायचाच. तिथे रॉक मशीन वाजवायचे.

हा बँड १९८४ साली मुंबईत उभा राहिला. गिटारवर महेश तिनईकर, बेसवर मार्क सेल्विन. गायक म्हणून पुढे उदय बेनेगल. सुरुवातीला तेही इतरांसारखी परदेशी बँडची गाणी वाजवत, कारण गर्दीला तीच हवी असत. अशा गर्दीपुढे स्वतः रचलेलं गाणं म्हणायला छाती लागते. ती त्यांनी दाखवली. १९८८ साली त्यांच्या स्वतःच्या गाण्यांचा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा अल्बम आला आणि दोन वर्षांनी ‘द सेकंड कमिंग’. मुंबईच्या रॉकमधलं हे धाडसाचं पाऊल होतं.

मनोरीच्या पोराने ती पहिली कॅसेट घेतली आणि तिच्यावरच गिटार शिकला. चार सुरावटी ऐकायच्या, टेप मागे घ्यायची, पुन्हा ऐकायच्या. सेल उतरले की टेप मंदावून सूर खाली यायचा. मग नवे सेल येईपर्यंत तो गिटारच त्या सुराला उतरवून घ्यायचा. खाऱ्या हवेत स्टीलच्या तारा लवकर गंजत, म्हणून वाजवून झालं की प्रत्येक तार सुक्या फडक्याने पुसायची.

पुढे नोकरी, संसार. १९९३च्या सुमारास बँडचं नाव इंडस क्रीड झालं, ‘प्रिटी चाइल्ड’ हे त्यांचं गाणं टीव्हीवर झळकलं. १९९७मध्ये बँड फुटला. शेजारच्या इस्पितळांमुळे शांतता क्षेत्र ठरलेल्या रंगभवनातले रॉकचे कार्यक्रमही पुढे बंद पडले. कॅसेट माळ्यावर गेली.

२०१०मध्ये बँड पुन्हा जमला आणि २०१२ साली ‘इव्हॉल्व्ह’ आला, तोही नव्या गाण्यांचा. जुन्या लोकप्रियतेवर सहज निभलं असतं, पण तो मार्ग त्यांनी घेतला नाही. मनोरीच्या पोराची ती कॅसेट आज त्याच्या लेकीकडे आहे. तीही कॉलेजच्या बँडमध्ये आपली गाणी वाजवते, आणि समोरून अजूनही ‘ओळखीचं काहीतरी होऊ द्या’ अशी फर्माईश येतेच.

असा एखादा नवा बँड कुठे भेटला, तर फर्माईश जरा बाजूला ठेवा आणि त्यांचं एक गाणं शेवटपर्यंत ऐका.