फांदी लागली का?

झाड विकत आणायचं असतं, हे आमच्या पिढीला फार उशिरा कळलं. सत्तर-ऐंशीच्या दशकात गिरगावातल्या चाळींत, पुण्यातल्या वाड्यांत नाहीतर सरकारी क्वार्टर्समध्ये जी मुलं वाढली, त्यांच्या घरातलं जवळजवळ प्रत्येक झाड कुणाकडून तरी मागून आणलेल्या फांदीचं होतं. कुंड्या तरी कुठल्या! डालडाचा पिवळा डबा आणि त्याच्या तळाला वडिलांनी खिळ्याने पाडलेली भोकं. झाडांची ओळखही माणसांवरून असे. साताऱ्याच्या मावशीचा मोगरा, खालच्या काकूंची पांढरी जास्वंद, आत्याकडचा पानओवा.

मनीप्लांटचं शास्त्र वेगळं होतं. तो म्हणे चोरूनच आणावा लागतो, तरच घरात पैसा येतो. आता शेजारच्या घरात चोरी कशी करायची? मग वहिनीच म्हणत, "मी आत चहा टाकते, तोवर काय ते आटपा." घरी आला की हॉर्लिक्सच्या बाटलीत, खिडकीत. पेऱ्यावरची तपकिरी गाठ पाण्याखाली बुडलीच पाहिजे, हे आईला ठाऊक होतं. नुसतं पान ठेवलं तर ते महिनोन्‌महिने हिरवं राहील, पण वेल काही फुटणार नाही. थोड्याच दिवसांत त्या गाठीतून पांढरा कोंब डोकावे आणि शाळेतून आल्यावर दप्तराआधी बाटली बघायची सवय लागे. मुळांना खरं म्हणजे अंधार मानवतो. औषधाच्या तपकिरी बाटलीत ती छान वाढतात आणि पाणीही लवकर शेवाळत नाही. पण मग बघायचं काय? पैसा कुणाकडे आल्याचं स्मरत नाही. वेल मात्र फोटोंच्या चौकटींवरून फिरत फिरत पंख्यापर्यंत जाई.

जास्वंदीचा मुहूर्त पावसाळ्यातला. पेन्सिलीएवढी जाड, वीतभर फांदी. खालचा काप डोळ्याच्या जरा खाली आणि तिरका. पानं काढून टाकायची, शेंड्याची दोन ठेवायची. दोन-तीन डोळे मातीत जातील अशी खोचायची आणि डबा सावलीत. गावठी गुलाबाच्या फांदीला वरच्या कापावर शेणाचा गोळा. जाईजुईला तर कापायचीही घाई नसे. फांदी वाकवून मातीत दाबायची आणि वर दगड ठेवायचा.

खरी परीक्षा पुढे. आठ-दहा दिवसांत कोवळी पालवी येई आणि आम्ही पोरं नाचत सुटू. आजी मात्र ढिम्म. फांदीत साठलेल्या अन्नावरही पालवी फुटते, मुळं नसताना. चार दिवसांनी ती मान टाकते. "दुसरी पानं येऊ दे, मग सांग," एवढंच ती म्हणे. मुळं धरली का ते बघायला फांदी उपटून पाहणाऱ्याला फटका ठरलेला. दरम्यान जिच्याकडून फांदी आणली ती बाई दर भेटीत विचारणार, "लागली का हो?" नाही म्हटलं की जाताना हातात दुसरी.

ब्रह्मकमळ उमललं की रात्री अख्खी चाळ गोळा होई. कुणी निरांजन आणी, कुणी कॅमेरा. हा मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा निवडुंग आणि खरं ब्रह्मकमळ हिमालयातलं, हे कळल्यावरही कुणी ओवाळायचं थांबवलं नाही. सकाळी फूल मलूल व्हायचं आणि बायका एकेक पान घेऊन जायच्या. ज्याला आपण पान म्हणतो ते खरं तर चपटं खोड असतं, म्हणूनच तर ते मातीत खोचलं की लागतं. फुलायला मात्र वर्षं घेतं.

बदलीच्या नोकऱ्या असलेल्या घरांना या वाटावाटीचा मोठा आधार होता. ट्रकमध्ये कुंड्या मावत नसत. आई ओल्या फडक्यात फांद्या गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन बसे. नवीन गावात झाड मेलं तरी काळजी नसे, जुन्या शेजारणीला पत्र टाकलं की पुढच्या येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर फांदी येई. आमच्या वाड्याची इमारत झाली तेव्हा दारची पांढरी जास्वंद गेली. ती आत्याच्या सुनेकडून परत आली, कारण कधीतरी आजीनेच तिथे दिली होती.

आता रोपं घरपोच मिळतात, छान कुंडीसकट. मिळोत. पण जास्वंदीसाठी तरी पैसे घालवू नका. आमची पांढरी यंदा गॅलरीबाहेर गेली आहे आणि आषाढात छाटणार आहे. फांद्या हव्या असतील तर आधी सांगून ठेवा.