रंजक कोरडी राहो

चि. बाळूस,


ॲबरडीनच्या उत्तरेला, किनाऱ्यावर, चकमकीची बंदूक घेऊन बदकांच्या शिकारीला जाणार असं कळवलंस. वाचून मला तिथलाच एक पाद्री आठवला. बेलहेल्वी गावचा अलेक्झांडर फोर्सिथ. त्यालाही पाणपक्ष्यांच्या शिकारीचा नाद. चकमकीची ठिणगी रंजकीवर, म्हणजे वाटीतल्या दारूवर, पडली की आधी भपका दिसतो, मग बार होतो. तेवढ्यात पक्षी निसटतो. या अडचणीशी तो झगडत राहिला आणि १८०७ साली त्याने ठोक्याने पेटणाऱ्या दारूच्या चापाचं पेटंट घेतलं. आपल्या घरच्या ठासणीच्या बंदुकीचं केप, म्हणजे ठोक्याने पेटणारी टोपी, त्याच वाटेने आलं. केप पावसात पुष्कळ निभावून नेतं. तुझ्या बंदुकीला तो आधार नाही, म्हणून हे लिहितोय.

वरून येणारं पाणी अडवणं सोपं आहे. रंजकीच्या वाटीच्या कडेला मेण आणि चरबीचं बोट फिरव. चापावर चरबी मुरवलेलं चामडं बांध. जुने लोक त्यासाठी वासराच्या गुडघ्यावरचं चामडं घेत, त्याला मूळचाच बाक असतो. चालताना चाप काखेत, नळी खाली. पण नळीच्या तोंडात चिखल जाऊ देऊ नकोस. तोंडाला बूच लावलंस तर ते काढल्याशिवाय बार टाकायचा नाही, नळी फुटते.

मला जास्त धास्ती आहे ती आतल्या ओलीची. काळ्या दारूची राख हवेतलं पाणी ओढून घेते. एक बार झाला की वाटीत काळा चिखल होतो आणि त्यावर टाकलेली कोरडी रंजकही फुकट जाते. म्हणून दर बारानंतर वाटी, गारगोटी आणि तिच्यासमोरची पोलादी पट्टी पुसून काढ. नळीच्या बाजूच्या छिद्रात सुई फिरव. फडकी आतल्या सदऱ्यात ठेव. दारू आधीच मोजून बुचाच्या लहान नळ्यांत भर. ठासताना वाऱ्याकडे पाठ कर, नळीवर मात्र वाकू नकोस. रंजक सगळ्यात शेवटी, आणि थोडीच.

ओल धरलेली दारू कधी पेटतच नाही, कधी रेंगाळून पेटते. बार झाला नाही तर निदान मिनिटभर नळी मोकळ्या दिशेला धरून थांब. आणि रेंगाळलेला बार पक्ष्याला मारत नाही, जखमी करतो. मग तो लव्हाळ्यात तडफडत राहतो. आपल्याकडे १९७२च्या कायद्याने पक्ष्यांना संरक्षण दिलं, ते मला मनापासून पटतं. तिथे तुला मुभा आहे, तर एवढं पाळ: रंजकीची शंका आली की बार टाकायचा नाही, बदक कितीही जवळ असो. पाणथळीवर शिशाचे छर्रेही तिथे चालत नाहीत, आणि पोलादी छर्रे जुन्या नळीला ओरबाडतात, बिस्मथचे घे.

भरलेली बंदूक घरात आणायची नाही. गार लोखंड उबदार खोलीत आलं की घामेजतं, तेव्हा परतल्यावर लगेच गरम पाण्याने नळी धू, नीट वाळव, तेल दे. शेवटचं फडकं स्वच्छ आणि कोरडं निघाल्याशिवाय जेवायला बसू नकोस.

तुझा,
मामा