हप्ता आणि कुऱ्हाड

'झाडांची देखभाल करतो' असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे तोडता का?" नाही हो! बांडगूळ काढतो, सुकलेल्या फांद्या उतरवतो, घरावर आलेली आंब्याची फांदी दोर बांधून अलगद खाली घेतो, कापल्या जागी बोर्डो पेस्ट लावतो. आबा वर चढतात, मी खाली दोर धरतो.

मे 2021च्या तौक्ते वादळानंतर कामं वाढली आणि गाडीची गरज भासू लागली. पण रेडीतल्या सगळ्याच बागा काही डांबरी रस्त्याला लागून नाहीत. सड्यावर जायची चढण, पावसाळ्यात लाल चिखल आणि आमच्या डोक्यावर करवत, दोर, शिडी, पंप. साधा टेंपो अर्ध्या वाटेत चाकं फिरवत बसतो. तेव्हा फोर व्हील ड्राइव्ह पिकअपच हवी, हे ठरलं.

नवी की जुनी? तुम्ही म्हणाल, नवी घ्यावी, कर्ज मिळतंच. मलाही तसंच वाटत होतं. आबा म्हणाले, "हप्तो चुको नये म्हणान एक दिवस चांगलो आंबो तोडशीत."

हसण्यावारी नेण्यासारखं हे बोलणं नव्हतं. देखभालीत मजुरी मिळते, तोडीत लाकडाचा पैसा. हप्त्याची तारीख जवळ आली की कुठलं काम आधी घेतलं जाईल? 2012 साली गोव्यात खाणी बंद झाल्या, तेव्हा तेरेखोल पलीकडचे कितीतरी ट्रक हप्त्यांसकट दारात उभे राहिले. काम थांबतं, हप्ता थांबत नाही.

म्हणून जमवलेल्या पैशांत बसेल अशी जुनी गाडी शोधली. पहिली वरून अगदी चकचकीत होती. पण खाली चेसीला नुकताच काळा रंग फासलेला. आबा झाडाच्या खोडावर ठोकून पोकळी ओळखतात, तशीच त्यांनी हातोडी चालवली. आवाज बद्द आला. समुद्राच्या खाऱ्या हवेने पत्रा आतून खाल्लेला. आम्ही चहा पिऊन निघालो.

दुसरी 12 वर्षांची बोलेरो कॅम्पर, गोवा पासिंग. दिसायला ओबडधोबड, पण चेसी खणखणीत. ट्रान्स्फर केसचं तेल बघितलं. ते दुधाळ असतं तर पाणी शिरलंय असं समजायचं. फोर व्हील लावून बघायला गाडी शेतात नेली. कोरड्या डांबरावर तसं वळवू नये. वळणावर पुढची-मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत आणि ताण गिअरच्या दात्यांवर येतो. लो गिअरमध्ये ती चिखलातून बैलासारखी शांत वर आली.

गोवा पासिंग स्वस्त वाटते, पण तिकडच्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र, इथला रोड टॅक्स आणि एमएच 07 नंबर धरूनच हिशेब करावा. आम्ही तो धरला, आणि रोख पैसे देऊन मोकळे झालो.

मागच्या आठवड्यात एक जण आला. जुना, फळता आंबा तोडायचा होता. लाकडाचा दरही बरा देत होता. पावसामुळे चार दिवस काम नव्हतं, गाडी नुसती उभी होती. पण तिचं कुणाला देणं नव्हतं.

नाही म्हणता आलं.